पाय जुळवून उभं राहायचं नाही

"काय रे, बॉक्सिंगला आलायस का जोहार घालायला?"

सर असं म्हणाले आणि सगळा हॉल खदाखदा हसला. ऐंशीनंतरची वर्षं, वाशी नवीनच वसत होती. मी एकोणीस वर्षांचा. सरांपुढे पाय जुळवून, खांदे पाडून उभा होतो. उभं राहायचं म्हणजे असंच, एवढंच मला ठाऊक. मराठवाड्यातल्या आमच्या गावात आजा पाटलापुढं कमरेत वाकून जोहार घालायचा. आईनं लहानपणीच बजावलेलं, "मोठ्यांम्होरं पाय जुळवून हुभं राहायचं. आडवं हुभं राह्यलं की त्येंला माज वाटतो."

ती हसणारी तोंडं आठवली की आजही किळस येते.

सरांनी मला शिकवलं नाहीच. माझी ठोसे मारायची बॅग केली. "हात मागं. पोट घट्ट. हलायचं नाही." साहेबलोकांची पोरं माझ्या पोटावर सराव करायची. मी मुकाट सोसायचो. एकदा तरी हातात ग्लोव्ह्ज घालून समोरासमोर उभं राहायला मिळावं, एवढीच आस.

मार खाता खाता अंगालाच कळायला लागलं. बहुतेकांचे ठोसे नुसते दंडातून यायचे. फट्ट वाजायचे, लागायचे नाहीत. एका बड्या इंजिनियरच्या मुलाचा मात्र आतड्यापर्यंत जायचा. मी त्याच्या हाताकडे बघायचं सोडलं, पाय बघायला लागलो. डावा पुढे, उजवा मागे. उजवी टाच उचलून वळायची, मग कंबर, मग खांदा. मूठ सगळ्यात शेवटी. हनुवटी खाली, पण नजर वर. मान खाली घालायला आम्हालाही शिकवलेलं. नजर वर करायला कुणी शिकवलं नव्हतं.

गाव सोडून आम्ही सानपाड्याला राहायला आलेलो. तिथं खाडीच्या बांधावर मी एकट्यानं हे घोटून घोटून अंगात मुरवलं. आईनं एकदा पाहिलं, तर तिचा जीवच उडाला. "आडवा काय हुभा राह्यतोस रं? कुनी बघंल!"

"बघू दे," मी म्हणालो.

एका रविवारी सरांकडे पाहुणे आले. इंजिनियरच्या मुलाचा ठोसा त्यांना दाखवायचा होता. कुणावर? माझ्यावर.

"चल, हात मागं घे."

"नाही घेणार. ग्लोव्ह्ज द्या."

सर हसले. "द्या रे ह्याला. बघू काय उजेड पाडतो."

तो अंगावर आला. मी बाजूला सरकलो, टाच वळवली. एकच ठोसा, पोटात. तो मटकन खाली बसला.

सर जवळ आले. नाक मुरडून म्हणाले, "ते ग्लोव्ह्ज आधी धुऊन आण. बाकीच्या पोरांना घालायचेत."

थू! अख्ख्या हॉलचा घाम त्यात मुरलेला. कधी पाण्याचा थेंब लागला नव्हता त्यांना. माझे हात आत गेले आणि ते बाटले!

मी ग्लोव्ह्ज काढून तिथंच टाकले. कोपऱ्यातल्या नळावर गेलो. कपडे धुवायच्या साबणाची वडी पडली होती. सगळ्यांदेखत कोपरापर्यंत हात घासले.

"हे काय चाललंय?" सर ओरडले.

"तुमची घाण धुतोय, सर."

त्या हॉलचं दार मला कायमचं बंद झालं. पुढं कारखान्यात लागलो. मोठ्या साहेबानं बोलावलं की आजूबाजूचे सगळे पाय जुळवतात. माझा डावा पाय पुढे असतो. उजवी टाच उचललेली. ती आता कुणासाठीही खाली टेकणार नाही.