बाहीवरच्या तीन फिती

आमच्या भागात उसात काम करणारी बाई साडीवर पुरुषाचा पूर्ण बाह्यांचा शर्ट चढवते. उसाची पात कडेला करवतीसारखी असते, आणि तिच्यावरची कूस अंगात शिरली की दोन दोन दिवस खाज जात नाही. शर्ट नवऱ्याचा असतो, दिराचा असतो, नाहीतर कॉलेजात गेलेल्या मुलाचा. कॉलर विटलेली, एखादं बटण वेगळ्याच रंगाचं. आमच्या घरचा शर्ट हिरवा होता, कारण माझे वडील, आण्णा, सैन्यात होते. दर सुट्टीला ते एक जुना शर्ट घेऊन यायचे आणि आई तो पुढचं वर्षभर रानात वापरायची. कुंडलच्या पुढच्या आमच्या वाडीत असे हिरवे शर्ट बऱ्याच बायकांच्या अंगावर दिसत. लांबून बघणाऱ्याला वाटावं, उसात पलटण उतरलीय.

आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिली. त्याचं श्रेय माझ्याकडे फार कमी येतं. शाळेतल्या चित्रकलेच्या सरांनी माझ्या परीक्षेचा अर्ज स्वतः भरला. आण्णांनी कुठल्याशा लांबच्या ठाण्यावरून रंगांची पेटी आणली, आणि आईनं ‘चित्रं काढून काय हुतंय’ असं विचारणाऱ्या प्रत्येकाला ‘बघू की’ एवढंच उत्तर दिलं. आज मी सांगलीत एका हायस्कूलमध्ये चित्रकला शिकवते. आण्णा हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि सहा वर्षांपूर्वी गेले. आई अजून वाडीतच असते आणि अजून रानात जाते.

गेल्या वर्षी साताऱ्याच्या एका छोट्या प्रकाशकांनी मला गावाकडच्या शाळांसाठी एका चित्रकथेचं काम दिलं. गोष्ट साधी होती. वडील सीमेवर आहेत, आई शेती सांभाळते आणि वसतिगृहात राहणारी मुलगी दोघांनाही पत्रं लिहिते. आतली चित्रं लहान होती, त्यात आईचा शर्ट नुसता हिरवा होता. मुखपृष्ठावर मात्र मी माझ्या आईलाच काढलं. उसाच्या सरीत उभी, डाव्या हातात खुरपं, उजव्या बाहीनं कपाळ पुसणारी. प्रकाशकांना चित्र आवडलं. फक्त ते म्हणाले, “शर्ट सैनिकाचा आहे हे लांबून कळलं पाहिजे, मॅडम.” मी उजव्या बाहीवर हवालदाराच्या तीन पांढऱ्या फिती काढल्या. आपण मनानं काही घालतोय असं मला वाटलंच नाही. डोळे मिटले की त्या बाहीवर तीन रेघा मला दिसतच होत्या.

माझ्या चित्राचं हे पहिलं मुखपृष्ठ. आईला मी काहीच सांगितलं नव्हतं. पहिला गठ्ठा, पंचवीस प्रतींचा, वाडीच्या शाळेत पाठवा एवढंच प्रकाशकांना सांगितलं होतं. मुलं चित्र ओळखतील, पळत आमच्या घरी जातील आणि आईला पुस्तक दाखवतील, असं सगळं मी मनात रंगवून ठेवलं होतं.

तसं झालं नाही. प्रकाशकांनी मुखपृष्ठ फोनवरून सगळीकडे पाठवलं आणि तिसऱ्या दिवशी एक मेसेज फिरू लागला. तो वडूजकडच्या एका निवृत्त सुभेदारांनी लिहिला होता, खाली त्यांचं गावही होतं. ‘फीत ही कमवावी लागते. वर्दी म्हणजे रानातल्या मजुराचा शर्ट नव्हे. या बाईनं वर्दीला लाज आणली आहे.’ संध्याकाळपर्यंत तो मला माझ्या मावसभावाकडून, दूधवाल्याकडून आणि शाळेच्या शिपायाकडून असा तीनदा आला. पाठोपाठ दुसऱ्या बाजूचे लोक उठले. कलावंताचं स्वातंत्र्य, कष्टकरी स्त्रीचा सन्मान असे मोठे शब्द आले. त्यांपैकी कुणीही मला फोन केला नव्हता.

चौथ्या दिवशी प्रकाशकांचा फोन आला. “मुखपृष्ठ मागं घेतोय. गोष्ट चांगली आहे, तिला कशाला त्रास? शाळांत गेलेले गठ्ठे परत मागवतो.”

“पण त्यात चूक काय आहे?” मी विचारलं.

“चूक कुणाची ते मी बघतच नाहीये, मॅडम. मला छपाईचे पैसे मागणारा माणूस दारात नको आणि मोर्चाही नको.”

शिक्षकांच्या खोलीत गणिताचे सर म्हणाले, “या, या, वादग्रस्त कलावंत! आमच्या भिंतीवर मात्र फुलंच काढा हं. गुलाबाला कुणाची हरकत नसते.” सगळे हसले, मीही हसले. मग मधल्या सुट्टीत वर्गात दार लावून बसले आणि सुभेदारांना चार पानी उत्तर लिहिलं. ‘या बाईनं’ हे शब्द मला टोचत होते. ती बाई माझी आई होती. उत्तराच्या पहिल्या पानावर मी लिहिलं, ‘मी जे पाहिलं, तेच काढलं.’ त्या वाक्याखाली रेघ मारली.

शनिवारी ते उत्तर आणि मुखपृष्ठ घेऊन वाडीला गेले. पाठवण्याआधी आईला वाचून दाखवायचं होतं. खरं तर तिनं माझी बाजू घ्यावी, एवढ्यासाठीच गेले होते.

आईनं मुखपृष्ठ हातात घेतलं, उजेडाकडे धरलं. “मीच हाय की ही,” ती म्हणाली. “नाक जरा बरं काढलंयस. माझं न्हाई एवढं सरळ.” मग बराच वेळ बघत राहिली. मी उत्तर वाचायला घेतलं. रेघ मारलेल्या वाक्याशी आल्यावर तिनं हात वर केला.

“हे खोटं हाय.”

“काय खोटं?”

“पाहिलं तेच काढलं म्हंतीस ते. ह्या फिती तू कुठं पाहिल्यास गं?”

“तुझ्या शर्टावर. लहानपणापासून.”

“माझ्या शर्टावर कवाच नव्हत्या.” ती उठली आणि आण्णांची काळी पत्र्याची पेटी उघडून एक रुमाल घेऊन आली. रुमालात फिती होत्या. एका रेघेची एक, दोन रेघांच्या काही, तीन रेघांच्या कितीतरी. पांढऱ्या होत्या त्या आता पिवळसर झाल्या होत्या, कडांना अजून हिरवा दोरा अडकलेला. आण्णांची सगळी बढती त्या रुमालात होती, आणि मला, त्यांच्या शिकलेल्या लेकीला, तो रुमाल ठाऊक नव्हता.

“पैला शर्ट आणला तवा तुझ्या आण्णांनी फीत सोताच उसवली,” आई सांगू लागली. “उंबऱ्यात बसून, दाढीच्या पात्यानं. मी म्हनलं, ऱ्हाऊ द्या की, चांगली दिसती. तर म्हनले, शर्ट तुझा. फीत माझी बी न्हाई, पलटणीची हाय. फुडं मग मीच उसवायची. उसवल्याबिगर रानात न्हाई घातला कवा.”

“मग मला त्या तीन रेघा कशा दिसतात?”

आई परसात गेली आणि दोरीवरचा शर्ट काढून आणला. आण्णांचा शेवटचा, अजून वापरातला. उजवी बाही माझ्यापुढं पसरली. शर्ट उन्हानं पार विटून राखाडी झाला होता. पण फिती होत्या तिथलं कापड आण्णा तो घालत होते तोवर झाकलेलं राहिलं होतं, तेवढंच गडद हिरवं होतं. तीन गडद रेघा, कडेनं सुईची बारीक भोकं. मी लहानपणी आईच्या मागं सरीत चालताना डोळ्यांसमोर असायच्या त्या अशाच. त्या जागी मी पांढऱ्या फिती शिवून टाकल्या होत्या, लांबून कळावं म्हणून.

मी चार पानं घडी करून पिशवीत ठेवली.

“त्या सुभेदाराचं गाव कुठंसं?” आईनं विचारलं.

“वडूजच्या पलीकडं.”

“मग उद्या जाऊन येऊ.”

“माफी मागायला?”

“तुझी चूक झाली ती तू सांग. त्यांची झाली ती मी सांगते.”

दुसऱ्या दिवशी दोन एसट्या बदलून आम्ही दुपारी पोचलो. सुभेदार अंगणात कांदा निवडत बसले होते. उंच, ताठ बसलेले, मिशा कातरलेल्या. शेजारी त्यांच्या पत्नी कांद्याच्या ढिगाजवळ बसलेल्या, आणि त्यांच्या अंगात साडीवर हिरवा शर्ट होता. आईनं माझ्याकडे बघितलं. मी बाहीकडे बघितलं. फीत नव्हती.

आम्ही कोण ते मी सांगितलं तशी सुभेदारांनी हातातला कांदा खाली ठेवला. मला वाटलं आता आवाज चढणार. पण त्यांनी आधी पाणी मागवलं.

मी म्हणाले, “फिती मी चुकीच्या काढल्या. आईच्या शर्टावर त्या नव्हत्या. तुमचं बरोबर होतं.”

ते गोंधळले. बहुधा भांडणाची तयारी करून बसले होते. “शर्टाला माझी हरकत न्हाई,” ते म्हणाले. “ही बघा की आमची मंडळी. रिटायर मी झालो, शर्ट अजून ड्यूटीवर हाय.”

“मग पेन्शन बी शर्टालाच द्या,” त्यांच्या पत्नी कांद्यावरची नजर न काढता म्हणाल्या.

“पण फीत, मॅडम, फितीसाठी माणूस कुठं कुठं जातो, ते तुम्हास्नी काय सांगू.”

“मला सांगू नगा, ठावं हाय,” आई म्हणाली आणि तिनं रुमाल त्यांच्यापुढं उघडला. सुभेदारांनी हात धोतराला पुसले, मग एकेक फीत उचलून बघितली. पलटण कुठली, कुठं कुठं होते, केव्हा आले, अशी चौकशी झाली. आईला ठाण्यांची नावं पाठ होती. ती सगळी ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, “एवढ्या जपल्यासा?”

“व्हय. आता माझं ऐका, आबा. मजूर म्हनलासा, त्याचं काय न्हाई. रानात मजुरीच करतोय आमी. पण वर्दीला लाज आणली म्हनलासा. ह्यांच्या शर्टात घाम गाळला तर त्या शर्टाची लाज जाती व्हय?”

सुभेदारांच्या पत्नी कांदे निवडायच्या थांबल्या आणि नवऱ्याकडे बघत राहिल्या. शेवटी ते म्हणाले, “चुकलं, ताई. ते लिहायला नको हुतं. दुसरा मेसेज टाकतो.”

त्यांनी तो आमच्यासमोरच टाकला, एका बोटानं, चष्मा कपाळावर सरकवून. ‘ती बाई हवालदाराची पत्नी आहे. तिनं फितीचा मान राखला आहे. मी चुकीचे शब्द वापरले.’ पहिला मेसेज माझ्याकडे तीनदा आला होता. हा दुसरा मला कुणीही पाठवला नाही. मी आठवडाभर वाट बघितली. सुभेदारांनी फोन करून विचारलंसुद्धा, “पोचला का हो कुठं?” मी म्हणाले, पोचेल.

प्रकाशकांना मी चित्र नव्यानं काढून पाठवलं, फितींच्या जागी गडद खूण असलेलं. सुभेदारांचा मेसेजही जोडला. प्रकाशक माणूस म्हणून वाईट नाहीत. “हे जास्त चांगलं आहे,” ते कबूल झाले. “पण आता सगळं शांत झालंय, मॅडम. परत काडी कशाला लावायची?” पुस्तक नव्या मुखपृष्ठानं निघालं. त्यावर ऊस आहे, आभाळ आहे, एक बगळा आहे. माणूस नाही. गणिताच्या सरांचा गुलाब मला तेव्हा आठवला.

इतकी वर्षं मी मुलांना सांगत आले, बघा आणि मग काढा. आता त्या वाक्यापाशी मी जरा थांबते. बघितलेलं डोळ्यात असतं तसंच हातातून उतरतं, असं नाही. मध्ये कुणीतरी ‘लांबून कळलं पाहिजे’ म्हणतं, आणि आपल्याला ते पटतं. सुभेदारांनाही लांबूनच कळलं होतं, तेवढ्यावर त्यांनी लिहिलं. माझी चूक आणि त्यांची चूक इतकी सारखी निघेल असं मला वाटलं नव्हतं.

वाडीच्या शाळेतला पंचवीस प्रतींचा गठ्ठा मात्र परत गेलाच नव्हता. मुख्याध्यापिका म्हणाल्या, पत्र आलंय, पण न्यायला कुणी आलं नाही. मी प्रकाशकांना विचारलं, एवढ्या प्रती दुरुस्त करून मुलांना देऊ का? ते म्हणाले, “फोटो टाकू नका कुठं. बाकी तुमचं गाव, तुमचं पुस्तक.”

दिवाळीच्या सुट्टीत मी आणि आई शाळेच्या ओट्यावर बसलो. मी पोस्टर कलरचा गडद हिरवा घेतला, बारीक ब्रश घेतला, आणि पंचवीस बाह्यांवरच्या पांढऱ्या फिती एकेक करून झाकत गेले. रंगाखाली पांढरं गेलं की बरोबर तशीच खूण उरायची. आई शेजारी शर्ट मांडीवर घेऊन बसली होती आणि ओलं पुस्तक उन्हात सरकवत होती.

पाचव्या-सहाव्या पुस्तकाला तिनं माझं मनगट धरलं. बाही पुस्तकाजवळ आणून दोन्ही रंग शेजारी ठेवून बघितले.

“लय काळं झालं,” ती म्हणाली. “जरा पानी घाल. माझ्या बी अंगावर चार उन्हाळं खाल्लेत त्यानं.”

मी ब्रश पाण्यात बुडवला आणि पुढचं पुस्तक घेतलं.