बाईंनी कडी लावली

बाई कधी काही मागायच्या नाहीत. समोर बघत बघतच उजवा हात बाजूला पसरायच्या आणि त्यावर कोणी काही ठेवेल याची वाट बघायच्या. चष्मा, फोन, चहाचा कप. काय हवंय ते ओळखणं हे दुसऱ्याचं काम. आमच्या घरातल्या पहिल्या सकाळी तो हात पसरला गेला, तेव्हा माझी बायको मटार सोलत होती. तिने त्या हातावर शेंगांचं ताट ठेवलं. बाईंनी ताटाकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि अजिबात न रागावता म्हणाल्या, "हे माझ्या करारात नाही."

तुम्ही तो रिअ‍ॅलिटी शो पाहिला असेल तर बाई तुम्हाला आठवत असतील, आणि काही फार चांगल्या आठवत नसतील. नाव सांगत नाही. एका लांबलेल्या मालिकेतली खाष्ट सासू म्हटलं की पुरे. परदेशातल्या साध्या मराठी कुटुंबात नटीने आठवडाभर राहायचं, घरकाम करायचं आणि प्रेक्षकांनी मतं द्यायची, असा तो कार्यक्रम. तिथल्या महाराष्ट्र मंडळातल्या एका मैत्रिणीने बायकोला गळ घातली आणि शारजातला आमचा फ्लॅट कॅमेऱ्यांच्या ताब्यात गेला.

मंदी नुकतीच येऊन थडकली होती. मी दुबईत एका बांधकाम कंपनीत एस्टिमेटर, म्हणजे खर्चाचे अंदाज बांधणारा, होतो. नवी टेंडरं थांबली होती आणि ऑफिसच्या खिडकीतून दिसणाऱ्या क्रेन एकाच जागी माना वर करून उभ्या होत्या. घरी रोज तोच विषय. त्यापेक्षा जरा गंमत झाली तर बरं, असं आम्हाला वाटलं.

गंमत झाली. बाईंनी आमच्या लेकीची, सईची, खोली घेतली. गादी टोचते म्हणून आमची गादी तिकडे गेली आणि आम्ही तिघं हॉलमध्ये सतरंजीवर आलो. खाली आमचे पठाण वॉचमन होते, खानसाहेब. त्यांनी आजवर आमची एक पिशवी उचलली नव्हती. ते बाईंची मेकअपची पेटी छातीशी धरून वर आले आणि मला म्हणाले, "साब, बड़ी मॅडम है, संभालके."

भांडी घासायचा प्रसंग होता तेव्हा बाईंनी रबरी हातमोजे घातले आणि एकच चमचा कॅमेरा चालू असेपर्यंत नळाखाली धरला. 'कट' ऐकू येताच तो चमचा परत खरकट्यात टाकला. स्वयंपाकाच्या दिवशी त्या खुर्चीत बसून सांगत राहिल्या आणि बायको करत राहिली. शेवटी आमटीची चव घेऊन म्हणाल्या, "बरी जमली मला."

सई तेव्हा नऊ वर्षांची. पहिले दोन दिवस ती आपल्या खोलीच्या दाराशी उभी राहून तक्रार करायची, "पप्पा, शी इज सिटिंग ऑन माय होमवर्क." तिसऱ्या दिवशी आईने तिला दूध संपवायला सांगितलं तर म्हणाली, "सॉरी, नॉट इन माय करार." खोलीतून बाईंचं हसणं ऐकू आलं. ते एवढं मोठं होतं की ध्वनिमुद्रण करणाऱ्या मुलाने कानावरचे हेडफोन काढले.

दिग्दर्शक टोपीवाला तरुण होता. विमानतळावर 'यल्ला', म्हणजे 'चला', हा शब्द शिकला आणि मग तो त्याने सोडला नाही.

त्या आठवड्यातल्या गुरुवारी दुपारी आमच्या लेबनीज मॅनेजरने मला केबिनमध्ये बोलावलं. माणूस वाईट नव्हता. खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "हबीबी, खलास." आमचा अख्खा विभागच खलास झाला होता.

घरी आलो. नेहमीप्रमाणे हेडफोनवाल्या मुलाने माझ्या कॉलरला माइक लावला. माझं लक्ष नव्हतं. मी बायकोला बाल्कनीत नेलं, दार लावलं आणि सांगितलं. ती काही वेळ खालच्या पार्किंगकडे बघत राहिली. तिची शाळेतली नोकरी होती, त्यामुळे लगेच गाशा गुंडाळायला नको, एवढा हिशेब तिने मनात केला असणार. मग म्हणाली, सईची परीक्षा होईपर्यंत तिला कळता कामा नये. ती फार मनाला लावून घेते.

हॉलमध्ये आलो तर हेडफोनवाला मुलगा जमिनीकडे बघत होता. दिग्दर्शक मात्र माझ्याकडेच बघत होता.

त्याने मला सोफ्यावर, बाईंच्या समोर, बसवलं आणि फार हळुवारपणे बोलला. ही खरी गोष्ट आहे सर, बाल्कनीतला नुसता आवाज आहे, चित्र नाही, तेव्हा इथे पुन्हा एकदा सांगायचं, सईला समोर बसवून. ती रडेल, बाई तिला जवळ घेतील, सगळा महाराष्ट्र रडेल. बायकोने नाही म्हटलं. त्याने तितक्याच हळुवारपणे आठवण करून दिली की घरात जे घडेल ते दाखवायला आम्ही सही करून परवानगी दिली आहे. बायको माझ्याकडे बघू लागली. दिवे लागायला सुरुवात झाली. सई खाली खेळायला गेली होती, ती तेवढ्यात वर आली.

आणि बाई बिघडल्या.

आधी दिवा डोळ्यात जातो म्हणाल्या. दिवा हलवला. मग सोफ्याचा रंग साडीला मारतो. सोफ्यावर चादर घातली. मग केस. केस करणारी मुलगी सुट्टी घेऊन दुबईला खरेदीला गेली होती. तिला बोलवा, तिच्याशिवाय मी बसणार नाही. गुरुवारी, म्हणजे तिथल्या सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी, ट्रॅफिकमधून दुबईहून शारजाला यायचं म्हणजे काय, हे तिथे राहिलेल्यांना सांगायला नको. दिग्दर्शक म्हणाला, मॅडम, केस छान दिसताहेत. बाई म्हणाल्या, "तुला काय कळतं रे केसांतलं?" त्याने नकळत टोपी सारखी केली.

मग त्यांनी सईचा दंड धरला. "चल गं, माझ्या पायांना नेलपॉलिश लाव," म्हणून तिला खोलीत नेलं आणि आतून कडी लावली.

दिग्दर्शकाने दार ठोठावलं, विनवण्या केल्या, मुंबईला फोन लावून मोठ्या साहेबांना दाराशी धरलं. आतून एकच उत्तर आलं, "हे माझ्या करारात नाही." इमारतीच्या मालकाने संध्याकाळच्या, मगरिबच्या अजानपर्यंतच शूटिंगची परवानगी दिली होती. अजान झाली. खानसाहेब वर आले आणि त्यांनी दिव्यांकडे बोट दाखवलं.

दुसऱ्या सकाळी सगळ्यांचं परतीचं विमान होतं. बाई निघताना मी त्यांचे आभार मानायला गेलो. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "कसले आभार? त्या दिव्यात मला दोन हनुवट्या दिसतात," म्हणाल्या आणि लिफ्टचं दार कोणी धरेल म्हणून उभ्या राहिल्या. मी धरलं.

कार्यक्रम लागला तेव्हा ती कडी लागण्याचा प्रसंग ढोल वाजवून पुन्हा पुन्हा दाखवला. बाई पहिल्याच फेरीत बाहेर गेल्या. पुण्याहून नातेवाइकांचे फोन यायचे, कसं सहन केलंत हो त्या बयेला? आम्ही खरं सांगायला जायचो, तर लोक आमच्याच सोशिकपणाचं कौतुक करायचे.

परीक्षा संपल्यावर आम्ही सईला खालिद लगूनच्या काठावर नेलं आणि सांगितलं. मी बोलता बोलता अडखळलो. तिने आईस्क्रीम बाजूला ठेवलं, आधी आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि माझ्या हातावर हात ठेवून विचारलं, "आर यू ओके, पप्पा?" रडलो आम्ही नवराबायको. केवढी समजूतदार आहे, हे आम्ही पुढे कित्येकांना सांगितलं. काही महिन्यांनी मला इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या एका कारखान्यात काम मिळालं, पगार कमी, पण दिवस निघाले.

गेल्या वर्षी बाई गेल्या. सई आता नोकरी करते, सुट्टीला घरी आली होती. बातम्यांत त्यांच्या मालिकेची दोन दृश्यं दाखवली आणि मग, दुसरं काही मिळालं नाही म्हणून की काय, आमच्या फ्लॅटमधलं ते बंद दार. बायको पदराने डोळे टिपत म्हणाली, त्या दिवशी तुला कळू दिलं नाही गं त्यांनी.

सई टीव्हीकडेच बघत होती. म्हणाली, "आई, शी टोल्ड मी."

मग तिने सांगितलं. आत गेल्यावर बाईंनी पाय पुढे केले आणि नेलपॉलिशची बाटली उघडायच्या आतच सांगून टाकलं, तुझ्या बाबांची नोकरी गेलीय, रडायचं असेल तर आत्ता रडून घे, इथे कॅमेरा नाही. ती रडली. बाई थांबल्या. मग म्हणाल्या, आता ते तुला स्वतः सांगतील तेव्हा पहिल्यांदाच ऐकतेयस असं वाटलं पाहिजे, ऊठ, करून दाखव. बाई पप्पा झाल्या, उशी आई झाली. हातातली वस्तू आधी खाली ठेवायची, मग एकेकाकडे बघायचं, घाई करायची नाही. जमेपर्यंत करून घेतलं. अजान झाली तेव्हाही तालीम चालूच होती.

मी विचारलं, "मग? जमलं म्हणाल्या का?"

सईला हसू आलं आणि ते डोळ्यांपर्यंत पोचेपर्यंत तिचा चेहरा बदलला. या वेळी ती मराठीत बोलली.

"म्हणाल्या, छान करतेस. पण माझ्याबरोबर काम करशील तेव्हा एवढं छान करू नकोस."