मोटारीचं प्रस्थान

राजापेठेतल्या खुशालराव सायकलवाल्यांच्या मैनाबाईंनी सव्वीस वर्षांच्या संसारात प्रवास काही कमी केला नव्हता. वऱ्हाडातलं प्रत्येक गाव त्यांना कारणासकट ठाऊक होतं. मूर्तिजापूर म्हणजे थोरल्या नणंदेचं बाळंतपण, वरूड म्हणजे चुलतसासऱ्याची तेरवी, नांदगाव खंडेश्वर म्हणजे वरात चार तास उशिरा आलेलं लग्न. विनाकारण म्हणून त्या कुठं गेल्या नव्हत्या.

एकोणसाठ सालच्या दिवाळीनंतर खुशालरावांनी एका कापसाच्या जिनवाल्याची जुनी जर्मन मोटार घेतली, तेव्हा बाईंनी एकच मागणं घातलं. "मले लोणारचं तळं पाहाचं हाये. लगीन नाही, मयत नाही, नवस नाही. उगीच."

गल्लीला हे पचेना. कोपऱ्यावरच्या डोमाजींच्या चतुराबाई तर मुद्दाम येऊन बसल्या.

"लोणारले कोन हाये वो तुमचं?"

"कोनीच नाही."

"मंग काहून जाऊन राहिल्या?"

"कोनी नाही म्हनूनच."

मैनाबाईंना काहीतरी दुखणं आहे आणि लोणारला त्यावरचा वैद्य आहे, हे संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला कळलं.

आता खुशालरावांचं. हा माणूस सायकलचं पंक्चरसुद्धा पंचांग बघून काढील, असं डोमाजी म्हणत. दुकान बंद रविवारी, आणि रविवारी पश्चिमेला दिशाशूळ, म्हणजे तिकडे निघणं अशुभ. लोणारच्या वाटेवर मुक्काम करायचं अकोलं नेमकं पश्चिमेला. पण त्यावर तोड होती. शनिवारी मुहूर्तावर प्रस्थान ठेवायचं. म्हणजे तांदूळ-सुपारी फडक्यात बांधून शेजाऱ्याकडे नेऊन ठेवायची. तेवढ्यानं प्रवास निघाला असं धरतात. दुसऱ्या दिवशी माणूस निघतो आणि जाता जाता गाठोडं उचलतो.

खुशालरावांना इथं अक्कल सुचली. "मानसाचं प्रस्थान सुपारीनं होते. मोटारीचं कायनं होईन?" असं म्हणून त्यांनी मोटार सुरू करायचं लोखंडी हँडल त्याच फडक्यात बांधलं आणि डोमाजींच्या खिडकीत ठेवलं.

रविवारी सकाळी मोटार आपल्या दारात, हँडल कोपऱ्यावर. हँडल परत दारात आणावं तर प्रस्थान मोडतं. तेव्हा मोटारच हँडलापर्यंत न्यायची ठरली. डोमाजींसकट सात-आठ जण ढकलायला लागले. दहा पावलं जाते न जाते तोच मोटार खोकली, थरथरली आणि सुरू झाली. खुशालरावांच्या अंगात वारं शिरलं. एक हात बाहेर काढून ते गल्लीचा निरोप घेत सुटले, ते डोमाजींच्या घरावरून पार पुढे.

खिडकीतलं गाठोडं शेजारी बसलेल्या मैनाबाईंनी पाहिलं. तोंड उघडलं आणि मिटलं. आता हे थांबले की पंचांग उघडणार, आणि पंचांग उघडलं की लोणार पुढल्या दिवाळीवर जाणार. बाईंनी पदर सारखा केला आणि समोर बघू लागल्या.

अकोल्याला खुशालरावांचे मामेभाऊ महादेवराव यांच्या अंगणात मोटार ऐटीत थांबली. त्यांच्या बायकोनं, आशाबाईंनी भाकरी, वांग्याचं भरीत, वर मिरचीचा ठेचा वाढला. सकाळी खुशालराव हँडल शोधायला लागले आणि खाली बसले.

"डोमाजीच्या खिडकीत राह्यलं."

महादेवरावांनी ओळखीच्या लॉरीवाल्याचं हँडल आणलं. ते बसेना. आणखी एक आणलं, तेही बसेना. "जर्मन लोखंड हाये," खुशालराव म्हणाले. एवढ्या दुःखातही त्यांना त्याचा अभिमान वाटत होता. मग मान खाली घालून ते म्हणाले, "प्रस्थानच मागं राह्यलं. पुढं जानं बरं नाही. दुपारच्या गाडीनं परत जाऊ."

मैनाबाईंच्या हातातली पिशवी भरून तयार होती. ती त्यांनी खाली ठेवली नाही.

"परत कसे जासान? प्रस्थान आपल्या घरी आलं का?"

"नाही. डोमाजीच्या घरी हाये."

"म्हंजे ते अजून प्रवासातच हाये. ते प्रवासात अन आपन घरी, असं कोन्या पंचांगात लिहिलं हाये?"

खुशालरावांनी पंचांगात पाहिलं. खरंच कुठं लिहिलेलं नव्हतं.

"वहिनी, चला वं," महादेवराव हसू दाबत म्हणाले आणि बाह्या सारू लागले. मैनाबाईंनी पिशवी मोटारीत फेकली, कासोटा आवळला आणि आशाबाईंसोबत मागून जोर लावला. मोर्णा नदीकडच्या उताराला मोटार सुरू झाली, ती थांबवायची मात्र कोणाची छाती होईना. बाई धावत धावत चढल्या. एक चप्पल अकोल्यातच राहिली.

लोणारला खुशालराव मोटारीतून उतरलेच नाहीत. इंजिन बंद पडलं तर काय, म्हणून ते चाकाला धरून बसले. मैनाबाई एकट्या काठावर गेल्या, एका पायात चप्पल घालून. खाली खोल हिरवं पाणी, भोवती गोल डोंगर. कोणाला काही वाढायचं नव्हतं, कोणाचं रडू आवरायचं नव्हतं. त्या उन्हं कलेपर्यंत बसल्या.

"दिसलं का?" मोटारीपाशी परतल्यावर त्यांनी नवऱ्याला विचारलं.

"मी कुठून पाहू? त्या गाठोड्याची तुले तरी याद राहाची होती."

"तुमी हात हालवून राहिले होते. मधात कशी बोलू?"

मंगळवारी डोमाजींनी गाठोडं परत दिलं. त्यात हँडल होतं, तांदूळ होते. सुपारी डोमाजींनी खाल्ली होती.

चतुराबाई दारात थांबल्या. "मंग, कशाले गेल्या होत्या वो?"

"उगीच," मैनाबाई म्हणाल्या, आणि नवी चप्पल आणायला बाजारात निघून गेल्या.