कर्व्ह केलेली पत्रिका

दिंडोशीच्या वसाहतीत कुणाकडे लग्न निघालं, की पत्रिकेसाठी पाय आपसूक नंदकिशोरच्या दाराशी वळायचे. बाहेरच्या खोलीत त्याचा कॉम्प्युटर, आणि त्यात त्याचीच अक्षरं. तरुणपणी ब्रशने रंगवलेल्या पाट्यांवरून त्याने स्वतःचा फॉन्ट बेतला होता. त्यातला ‘ल’ अस्सल मराठी, दोन पाकळ्यांचा. दुसरीकडे हिंदी वळणाचा ल छापलेला दिसला की म्हणायचा, “बघ, बिचाऱ्याची कंबर लचकलीय!”

तो गेला त्याला वर्ष होत आलं. त्याच्या बायकोने, क्षमाने, काम बंद पडू दिलं नाही. प्रूफं तपासत त्याच्या शेजारीच तर बसायची ती. पण आता तो जुना विंडोजवाला डबा धापा टाकू लागला होता. त्यात लेक सई नोकरी सोडून आईच्या कामात आली.

“मॅक घेऊ, आई. माझा हात त्यावरच बसलाय. आणि लोकांना आता पत्रिका मोबाइलवर हलती-बोलती लागते गं.”

“आणि बाबांची अक्षरं?”

सईने आपल्या मैत्रिणीकडून आणलेल्या मॅकवर एक जुनी फाइल उघडली. ‘श्री गजानन प्रसन्न’च्या जागी इंग्रजी अक्षरं, टिंबं, डॉलरची चिन्हं.

“गजाननाची पार वाट लागली ना,” सई हसली, आणि लगेच तिने फाइल बंद केली. “आई, तू सांग. विंडोजवर चालतोय तो फॉन्ट. विंडोजच घेऊ. मी शिकेन परत.”

‘हो’ अगदी ओठांवर आलं होतं. पण पोरीने नोकरी सोडली होती ती काही जुन्या डब्याला कुरवाळत बसायला नव्हे.

“मॅकच घे,” क्षमा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी सई मशीन आणायला गेली, तेव्हा क्षमाने डबा सुरू केला. छापखान्यात फाइल पाठवताना अक्षरं ‘कर्व्ह’ करतात. मग ती नुसती चित्रं होतात, कुठल्याही मशीनवर जशीच्या तशी दिसतात. फक्त पुन्हा लिहिता येत नाहीत. साधी वेलांटीसुद्धा बदलत नाही.

ती सईची पत्रिका टाइप करायला बसली. लग्न ठरलेलं नसताना. ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’... ‘चि. सौ. कां. सई’... मग ‘चि.’, आणि पुढे कोरी जागा. ते नाव कुणाचं का असेना, या अक्षरांत यायचं नव्हतं.

खाली निमंत्रक. सवयीने बोटं चालली: ‘सौ. व श्री. नंदकिशोर’.

क्षमा थबकली. त्याच्या नावाआधी आता लागायचं ते अक्षर वर्षभर तिने कुठेच लिहिलं नव्हतं. निधनाची बातमीसुद्धा पेपरात दिराने दिली होती. तिने ओळ खोडली आणि टाइप केलं, ‘श्रीमती क्षमा’. त्याच्यावर, ‘कै. नंदकिशोर’.

दुसऱ्यांच्या नावांसाठी त्याने काढलेला ‘कै’. दोन मात्रा, केवढ्या डौलाच्या!

मग सगळं निवडून तिने कर्व्ह केलं.