एका हातात मावणारं पुस्तक

पुस्तक हातात आलं की ती आधी ते उघडायची नाही. डाव्या तळहातावर ठेवून हात वरखाली करायची, बाजारात बायका भोपळा तोलून पाहतात तसा. मग मान हलवायची. "हे नाही जमत भाऊ. एका हातात मावलं पाहिजे."

आता तुम्हीच सांगा! धंतोलीत परीक्षांच्या पुस्तकांचं दुकान मांडून माझे केस पिकले, पण वजनावर पुस्तक घेणारं गिऱ्हाईक मी दुसरं पाहिलं नाही. ती पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. झालेली, राहायची हुडकेश्वरकडे, एका कॉलेजात तासिकेवर शिकवायची. प्राध्यापकीची सेट परीक्षा पास झाल्याशिवाय कायमची नोकरी नाही. क्लास लावायला वेळ नव्हता, म्हणून सगळा अभ्यास एकटीनंच.

"ताई, हा ठोकळा न्या. सगळं आहे याच्यात."

"सगळं आहे, पण धरू कशी?"

मी वैतागायचो. बारक्या गाईडात पर्यावरणाचे कायदे पानभर, आणि सांख्यिकी तर नावापुरती. पण ती तेच न्यायची आणि नापास व्हायची. निकाल लागला की हसत दुकानात हजर. "या खेपेले कायद्यानं मारलं भाऊ." पुढच्या खेपेला सांख्यिकीनं.

"मंग तेच बारकं काहून नेता?"

त्यावर तिची पुन्हा तोलायला सुरुवात.

कारण मला जवळच्याच एका दवाखान्यात कळलं. ओळखीच्या माणसाला भेटायला गेलो होतो, तर डायलिसिसच्या खोलीत ही दिसली. नवऱ्याच्या खाटेशेजारी स्टुलावर बसलेली. एका हातात माझ्याच दुकानातलं गाईड, दुसरा हात नवऱ्यानं घट्ट धरलेला. मशीन सुरू झालं की त्याला धास्ती बसायची, हात सोडवला की जीव कासावीस व्हायचा. तिनं ओळख करून दिली तसा तो म्हणाला, "पुस्तकवाले भाऊ, हिले चांगलं पुस्तक द्या गा. माह्या डोळ्यादेखत परमनंट झाली पाहिजे, बस."

पुढच्या वेळी ती आली तेव्हा मी ठोकळा पुढे केला. "ताई, याचे चार भाग फाडून बाइंडरकडून शिवून देतो. एकेक भाग आरामात हातात मावेल." पोरं सर्रास करतात तसं.

तिनं ठोकळा माझ्या हातातून काढूनच घेतला. "नाही भाऊ. आमच्या घरी पुस्तक फाडत नाही. माह्या आजोबानं धम्मदीक्षा घेतली, मंग चाळिशीत अक्षरं शिकले. पुस्तकाले पाय लागला तरी माफी मागाले लावत."

"अहो, पण परीक्षा?"

"होईन पास. हसून काय राहिले भाऊ, खरंच होईन."

किती समजावलं! ऐकेल तर शपथ. बारकं नेलं आणि पुन्हा नापास झाली. तिच्या हट्टाचा मला राग यायचा, आणि खरं सांगतो, तिच्यापुढे हात जोडावेसेही वाटायचे.

मग बरेच दिवस फिरकली नाही. आली ती सरळ ठोकळ्यापाशी गेली आणि न तोलता काउंटरवर ठेवला. मी थट्टा करणारच होतो, तेवढ्यात तिचा चेहरा दिसला.

"हे गेले भाऊ," ती म्हणाली.

मी पुस्तक पिशवीत घालून दिलं.

त्या वर्षीचा निकाल लागला तेव्हा ती आली, पण हसत नव्हती. दुकानाच्या पायरीवर बसली. मला वाटलं, पुन्हा नापास. मी पाणी दिलं.

"यंदा कशानं मारलं ताई?"

"पास झाली भाऊ."

मी ओरडलोच. "अरे वा! मंग पेढे कुठं आहेत? घरी सांगितलं का?"

तिनं ग्लास खाली ठेवला.

"घरी कुलूप आहे. कोणाले सांगू? म्हणून इथं आली."