चित्रं तिकडं, नावं इकडं

चारचौघांत सांगता येतात ते किस्से लवकर संपतात. दोन लग्नांत, एका बारशात सांगितले की लोकच म्हणतात, "हे झालंय सांगून!" आमच्या ऑफिसचे किस्से मात्र घरी सांगायची सोयच नव्हती, म्हणून ते साठत गेले. अजूनही आम्ही कुणाच्या कार्याला एका पंगतीत बसलो आणि कुणी नुसतं "कोहळा" म्हटलं, की घास हातात धरून हसत बसतो. नातेवाईक विचारतात, काय झालं? काही नाही, म्हणतो.

आता सांगायला हरकत नाही असं अण्णा स्वतःच म्हणालेत. म्हणून सांगते.

*

ऑफिस हुबळीच्या कमरीपेठेत, शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. दारावर एकाच शब्दाची पाटी: रेकॉर्ड्स. अण्णा आमचे साहेब. जन्मभर जुन्या हुबळीतल्या एका शाळेत हेडक्लार्क होते, निवृत्त झाल्यावर जावयानं त्यांना हे अमेरिकेचं काम मिळवून दिलं. हाताखाली मी, शैला आणि अळणावरहून रोज ये-जा करणारा परशराम.

पहिल्या दिवशी अण्णांनी आम्हांला समोर बसवलं आणि भिंतीकडं बघत म्हणाले, "आपलं गिऱ्हाईक एक बाई आहे. डोना नाव. तिची वेबसाइट आहे. म्हणजे... लग्न झालेल्यांनी बघायची."

परशराम म्हणाला, "अण्णा, तसलं बघणारे सगळे बिनलग्नाचेच असतात की!"

अण्णांनी ऐकलंच नाही असं दाखवलं आणि काम समजावलं. तिकडच्या सरकारचा नवा नियम होता. अशा साइटवर जे कोणी दिसतं, त्याचं ओळखपत्र, जन्मतारीख, खरं नाव, धंद्यातलं नाव, लग्नाआधीचं नाव, सगळं नोंदवून एकमेकांना जोडून ठेवायचं. माणूस सज्ञान आहे, आपल्या राजीनं आलाय, हे कागदानं सिद्ध व्हायला हवं. कागद तिऱ्हाइताकडं ठेवले तरी चालत होतं. फक्त त्याचा पत्ता साइटवर छापायचा, आणि रोज तीन तास इन्स्पेक्टरसाठी कुणीतरी हजर राहायचं. तिकडची सकाळ म्हणजे आमची संध्याकाळ, सहा ते नऊ.

"चित्रं तिकडं, नावं इकडं," अण्णा म्हणाले. "ती माणसं काय करतात ते त्यांचं. कागद नीट ठेवणं हे आपलं."

खरं सांगते, इतक्या वर्षांत आम्ही एकही चित्र बघितलं नाही. शैलाच्या सासरी यावर कुणाचा विश्वास बसला नसता, म्हणून तिनं तिथं काही सांगितलंच नाही.

*

परशरामचे मामा अळणावरच्या पुढच्या खेड्यातले. भाचा 'रेकॉर्डात' लागलाय एवढंच कानावर आलेलं. एक दिवस जमिनीचा उतारा पिशवीत घालून जिना चढून वर आले.

"मामा, हे जमिनीचं रेकॉर्ड न्हाई," परशराम म्हणाला.

"मग कशाचं हाय?"

मामांशी खोटं बोलायची परशरामची छाती नव्हती. त्यानं मामांच्या कानात सांगितलं. मामांनी डोक्यावरची टोपी काढली, परत घातली. आम्हांला वाटलं, आता भाच्याचा कान धरून गावी नेतात!

मामा म्हणाले, "म्हणजे तिकडं कुणी अंगावरचा कपडा काढला तर त्याची नोंद चार ठिकाणी ठेवत्यात. आणि इथं माझा बाप जाऊन वीस वर्सं झाली, उताऱ्यावरचं त्याचं नाव कुणी काढंना!"

अण्णांनी काम बाजूला ठेवून त्यांना कन्नडमध्ये सुरेख अर्ज लिहून दिला. जाताना मामा परशरामला म्हणाले, "अक्काला, तुझ्या आईला, सांगत न्हाई. तू बस."

*

खंडेनवमीला आम्ही कपाटाची, कॉम्प्युटरची पूजा केली, झेंडूच्या माळा घातल्या आणि रीतीप्रमाणं उंबऱ्यात कुंकू भरलेला कोहळा फोडला. त्याच संध्याकाळी डोनाबाईंचा व्हिडिओ कॉल. वकिलाला दाखवायला कपाट बघायचं होतं. परशराम उत्साहानं फोन घेऊन निघाला आणि म्हणाला, दारापासून दाखवतो.

दारात सगळा लाल सडा!

बाई किंचाळल्या. "कोण मेलं? पोलिसांना बोलवा!"

अण्णांनी फोन हातात घेतला आणि आपल्या शाळेतल्या इंग्रजीत दृष्ट म्हणजे काय ते दहा मिनिटं समजावलं. बाई शांत झाल्या. म्हणाल्या, "याचा उपयोग होतो?"

"अजून एक कागद हरवलेला नाही, मॅडम."

पुढच्या वर्षी बाईंनी तारीख विचारून घेतली आणि आपल्या ऑफिसच्या पायरीवर भोपळा फोडला, आत लाल रंग भरून. फोटो पाठवला. फोटोत भोपळ्याच्या बाजूला दोन पोलीस उभे होते. शेजाऱ्यांनी बोलावलेच!

त्या दिवसापासून त्या आमच्या डोनाक्का झाल्या.

*

मग तिकडच्या वकिलाला वाटलं, कागद सांभाळणाऱ्यांचीही ओळखपत्रं फाइलला हवीत. आम्ही पाठवली. दुसऱ्या दिवशी फोन. वकील भडकलेला.

"चार माणसं, आणि चौघांची जन्मतारीख एक जून? हे कागद बनावट आहेत!"

आता याला काय सांगायचं? आमच्याकडं शाळा जूनला सुरू होते. घरी जन्माचा कागद नसला की क्लार्क वयाचा अंदाज घेऊन एक जून लिहून टाकतो. माझी आई सांगते, तू नवरात्रातली. पण कागदावर मी जूनची. परशरामचं त्याच्या गावच्या शाळेत झालं, अण्णांचं त्यांच्या लहानपणी. आणि मी अन् शैला होतो अण्णांच्याच शाळेत!

अण्णा उठून उभे राहिले आणि फोनवर म्हणाले, "सर, दॅट डेट आय ओन्ली गेव!"

वकिलानं बहुतेक फोन खाली ठेवून पाणी प्यायलं असावं. शेवटी प्रतिज्ञापत्रांवर भागलं. आम्ही पोट धरून हसलो, पण अण्णा हसले नाहीत. संध्याकाळी खिडकीपाशी बसून म्हणाले, "किती पोरांना असल्या तारखा वाटल्या ग मी. अर्ध्या जुन्या हुबळीचा वाढदिवस एका दिवशी येतो. निदान इथं तरी एक तारीख चुकू द्यायची नाही. एकदा कुणी बाहेरच्यानं येऊन सगळं बघावं आणि बरोबर आहे म्हणावं. बास."

जगातली ऑफिसं इन्स्पेक्टर येऊ नये म्हणून नवस बोलतात. आमचं ऑफिस तो यावा म्हणून झुरत होतं.

*

डोनाक्काचा खरा राग बाहेरच्या साइटवाल्यांवर. ते तिचंच काम उचलून आपल्या साइटवर फुकट लावायचे. कागद नाहीत, नावं नाहीत, नियम लागू नाही, कारण ते दुसऱ्याच देशात. ती फोनवर तासभर बोलायची, "हे परदेशी लोक! या परदेशी लोकांनी मला बुडवलं!" मग एकदम थांबायची. "म्हणजे तुम्ही नाही हं."

"आम्ही कुठले परदेशी? आम्ही हुबळीचे," शैला म्हणायची.

त्यांतल्याच एका साइटवाल्यानं साइटवर आमचा पत्ता वाचून अण्णांना गाठलं. त्यालाही म्हणे पत्ता हवा होता. नुसता छापायला.

"कागद पाठवा," अण्णा म्हणाले.

"कागद नाहीत. फक्त 'रेकॉर्ड इथं ठेवलं आहे' एवढं लिहायला तुमची परवानगी द्या."

"रिकाम्या कपाटाला कुलूप कशाला लावू, साहेब?" अण्णा म्हणाले, आणि हे त्याला इंग्रजीत कसं सांगायचं ते सुचेना म्हणून फोनच ठेवून दिला.

तो माणूस अजून जोरात आहे असं ऐकते. कागदाचा एक चिटोरा न ठेवता.

*

आणि एकदा इन्स्पेक्टर आला!

सहा वाजून दहा मिनिटं. जिन्यावर बुटांचा आवाज. बूट घालून आमच्याकडं कोण येतं? दारात टाय लावलेला, हातात काळी बॅग घेतलेला माणूस. अण्णांनी शर्टाचं वरचं बटण लावलं. "बर्री, कूतगोळ्री," या, बसा, असं कन्नडमध्ये म्हणून खुर्ची पुढं केली. शैलानं चहा मागवला.

अण्णांनी एकेक खण उघडून दाखवला. हे खऱ्या नावानं, हे धंद्याच्या नावानं, हे तारखेनं. कुठलंही नाव सांगा, एका मिनिटात काढतो. माणूस मान हलवत होता. मधूनच "व्हेरी गुड" म्हणत होता. अर्धा तास! अण्णांच्या चेहऱ्यावर मी तेवढा आनंद त्यांच्या नातीच्या बारशातही बघितला नव्हता.

सगळं संपल्यावर माणसानं बॅग उघडली आणि म्हणाला, "सर, तुमच्याकडं पिण्याच्या पाण्याचा फिल्टर आहे का?"

परशराम तोंड दाबून जिन्यात पळाला. अण्णा कपाट बंद करता करता म्हणाले, "असू दे की. शांतपणे ऐकलं बघ त्यानं."

फिल्टर घेतला आम्ही. पाणी चांगलं यायचं.

*

मग नियम आणखी कडक झाले. प्रत्येक जुन्या चित्राचे कागद नव्यानं तपासा, नव्यानं जोडा. परदेशातल्यांना काहीच नाही, आणि जी बाई नियम पाळते तिच्याच मानेवर जू. डोनाक्का थकली. एका संध्याकाळी फोन करून म्हणाली, "अण्णा, मी बंद करते." अण्णांनी एवढंच विचारलं, "कागदांचं काय?"

नियमात तेही होतं. धंदा बंद झाला तरी कागद पाच वर्षं ठेवायचे, आणि सहा ते नऊ कुणीतरी हजर राहायचं.

मी खताच्या एका डीलरकडं लागले. एसी, रविवारी सुट्टी, चहाला वेगळा माणूस. शैला धारवाडला एका क्लासमध्ये, परशरामनं अळणावरलाच झेरॉक्सचं दुकान टाकलं. अण्णा रोज सहाला कुलूप उघडायचे आणि नऊला लावायचे.

मला ते ऑफिस फार आठवायचं. खोटं कशाला बोलू, सहा वाजले की पाय आपोआप कमरीपेठेकडं वळायचे. जिना चढून गेले की बहुतेक वेळा शैलाच्या चपला आधीच दारात असायच्या. बुधवारी परशराम यायचा. काम काहीच नसायचं. आम्ही खण पुसायचो, नावं लावून बघायचो. हजारो मैलांवरच्या त्या बायकांची लग्नाआधीची नावं आम्हांला पाठ होती, आणि त्यांतली एकही आम्हांला ओळखत नव्हती. आता त्या कुठं असतील, म्हातारपणी बऱ्या असतील ना, असं शैला म्हणायची. डोनाक्काचा फोन आधी आठवड्याला यायचा, मग महिन्याला, मग दिवाळीला. दर वेळी म्हणायची, एकदा येते. आम्ही म्हणायचो, ये की.

"इन्स्पेक्टर आता कसला येतोय, अण्णा?" मी एकदा म्हटलं.

"वेळ दिलीय आपण," अण्णा म्हणाले.

*

पाच वर्षं संपली त्या शेवटच्या दिवशी आम्ही चौघंही साडेपाचलाच जमलो. दुसऱ्या दिवशी कागद फाडायचे होते.

जिन्यावर पावलं वाजली. सावकाश, दर पायरीला थांबत. दारात एक गोरी म्हातारी बाई, हातात काठी, घामानं भिजलेली. तिनं आमच्याकडं एकेकाकडं बघितलं. फोनच्या पडद्यावर बघितलेला चेहरा समोर ओळखायला वेळ लागतो. शैलानं तोंडावर हात ठेवला.

बाई अण्णांकडं वळून म्हणाली, "मी रेकॉर्ड तपासायला आलेय."

अण्णांनी घड्याळ बघितलं. "सहाला अजून वीस मिनिटं आहेत, मॅडम."

"अण्णा!" मी ओरडलेच.

पण डोनाक्का बाहेर गेली आणि जिन्याच्या वरच्या पायरीवर बसली. आम्ही तिघं तिच्या शेजारी जाऊन बसलो. तिनं माझा हात हातात घेतला आणि वीस मिनिटं सोडला नाही. आत अण्णा शर्टाचं बटण लावत होते, ते जिन्यातून दिसत होतं.

सहा वाजले. अण्णा दारात आले. "या. कुणाचं रेकॉर्ड बघायचं?"

तिनं स्वतःचं नाव सांगितलं. धंदा सुरू केला तेव्हा साइटवरचं पहिलं चित्र तिचंच होतं. अण्णांनी सगळ्यात वरच्या खणातून फाइल काढली, टेबलावर ठेवली आणि त्यावर तळहात दाबून धरला.

"ओळखपत्र, मॅडम?"

डोनाक्का हसायला लागली. हसता हसता तिचे डोळे भरले. पर्समध्ये हात घालून तिनं पासपोर्ट काढला. अण्णांनी चष्मा पुसला, पासपोर्ट उघडला, फाइल उघडली, आणि दोन्ही तारखांवर एकेक बोट ठेवून बराच वेळ बघत राहिले.

"बरोबर आहे," डोनाक्का म्हणाली.