उंटिणीचं स्कॅन

शिवणकामाच्या कारखान्यात अक्काला सगळ्या जणी 'उंटीण' म्हणायच्या. सकाळचा चहा पोटात गेला की संध्याकाळपर्यंत पाण्याचा थेंब नाही. हौस नव्हती ती. मशीन सोडून संडासाला उठलं की मुकादम सगळ्यांदेखत विचारायचा, "काय, पुन्हा?" त्या मेल्याच्या एवढ्याशा बोलण्यापायी तिने अर्धं आयुष्य तहान मारली.

धाकट्या भावाच्या दोन्ही किडन्या गेल्या, तेव्हा कुणी विचारायच्या आधी तीच म्हणाली, "माझी घ्या." रक्तगट जुळला. राहिलं फक्त स्कॅन. शिरेत किरणोत्सारी औषध सोडायचं आणि किडन्या ते किती झपाट्याने गाळतात, हे कॅमेऱ्याखाली मोजायचं.

नर्सने पाण्याची बाटली दिली. "सगळी संपवा. मग अर्धा तास हलायचं नाही."

मध्येच लागली तर? कॅमेऱ्यापाशी बसलेल्या परक्या पुरुषांना सांगायचं कसं? नर्सची पाठ वळताच अक्काने बाटली बेसिनमध्ये ओतली.

"प्यायलात?"

"हो."

आकडा कमी आला. "तुमच्याच किडन्या अशक्त आहेत," डॉक्टर म्हणाले. रक्ताच्या तपासणीत सगळं ठीक होतं, पण स्कॅन पुन्हा करून बघायची तसदी एकानेही घेतली नाही. यंत्राने सांगितलं म्हणजे काळ्या दगडावरची रेघ! शेवटी वहिनीने आपली किडनी दिली. भावाच्या शरीराला ती वर्षभरही मानवली नाही. तो पुन्हा डायलिसिसवर आला.

अक्का आता स्वतःलाच आजारी समजत होती. दुसऱ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तिला समोर बसवून पाणी पाजलं आणि स्कॅन केलं. किडन्या ठणठणीत!

"मागच्या वेळी पाणी न पिताच गेला होतात का? आकडा घसरतो अशाने."

रिपोर्ट घेऊन अक्का धावतच भावाकडे गेली. "आता माझी घे रे!"

त्याने तो दोनदा वाचला. "म्हणजे तेव्हाही चांगलीच होती."

"मी पाणी प्यायले नव्हते, बाबा. मध्येच उठावं लागेल म्हणून..."

"आणि नर्सला हो म्हणालीस."

वहिनीचा हात कमरेवरच्या व्रणाकडे गेला. "पाणीच प्यायचं होतं, वन्सं. विष नव्हतं."

मुकादमाचं ते बोलणं अक्काच्या ओठांवर आलं. पण या दोघांपुढे ते सांगायची तिला लाज वाटली.

भावाने रिपोर्ट घडी करून तिच्या हातात ठेवला.

"तुझी किडनी तुलाच लखलाभ, अक्का."